नाकारलेली वॉरंटी आणि गाडीमालकाचे हक्क

मोटारगाडीची वॉरंटी म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेले लेखी वचन. ठरलेली वर्षे किंवा ठरलेले किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोवर गाडीच्या एखाद्या भागात साहित्याचा किंवा बनावटीचा दोष निघाला, तर तो भाग कंपनी विनामूल्य दुरुस्त करील किंवा बदलून देईल, एवढाच त्याचा अर्थ. वचन कंपनीचे असते, पण ते पाळायचे असते डीलरच्या वर्कशॉपने. बहुतेक वाद या दोघांच्या मधल्या फटीत जन्मतात. कंपनीचे मुख्यालय चेन्नईला किंवा गुरुग्रामला, गाडी उभी बारामतीच्या वर्कशॉपमध्ये आणि मालक इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात, असे असले की प्रत्येक हेलपाट्याला अर्धा दिवस जातो. काउंटरवर मात्र एकच वाक्य ऐकू येते: ‘हे वॉरंटीत बसत नाही.’

हे वाक्य कुठून येते ते समजून घेतले की पुढचा मार्ग दिसतो. गाडी आत आली की सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्ड बनवतो आणि मेकॅनिक तपासणी करतो. दोष वॉरंटीतला वाटला तर डीलर तो भाग बदलतो आणि भागाची किंमत व मजुरी कंपनीकडून मिळावी म्हणून क्लेम पाठवतो. काढलेला जुना भाग ठरावीक काळ जपून ठेवावा लागतो, कारण कंपनी तो तपासणीसाठी मागवू शकते. इंजिन, गिअरबॉक्स अशा महागड्या कामांना आधी कंपनीची मंजुरी लागते. क्लेम फेटाळला गेला तर खर्च डीलरच्या अंगावर पडतो. त्यामुळे शंका असलेल्या कामात डीलरचा कल आधीच नकार देण्याकडे असतो. कित्येकदा ‘कंपनीने नाकारले’ असे तोंडी सांगितले जाते आणि प्रत्यक्षात क्लेम कंपनीकडे गेलेलाच नसतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: क्लेम पाठवला का, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने, आणि कंपनीचे उत्तर काय आले?

नकाराची कारणे थोडीच आहेत आणि ती पुन्हा पुन्हा तीच असतात. काही रास्त असतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर हे वापराने झिजणारे भाग. ते बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत नसतात किंवा अगदी थोड्या काळापुरते असतात. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी सहसा त्या त्या उत्पादकाची वेगळी असते. पाणी शिरून बंद पडलेले इंजिनही वॉरंटीत येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीच्या पुराने बारामतीत पाणी घुसले, मे २०२५ मध्ये अतिवृष्टीने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हाहाकार केला. अशा वेळी बुडालेल्या गाडीचा प्रश्न विम्याचा असतो, आणि तोही पॉलिसीत इंजिनाचे जादा संरक्षण घेतले आहे का यावर ठरतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करू पाहिली, तर तो दावाही अडचणीत येतो.

खरी भांडणे मधल्या प्रदेशात होतात. उसाच्या फडाजवळ किंवा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर तुटली की वर्कशॉपचे उत्तर तयार असते: ‘उंदराने कुरतडली.’ तसे असेल तर वॉरंटी खरोखरच लागू होत नाही. पण ते डोळ्यांनी पाहता येते. कुरतडलेल्या वायरीचे आवरण दातेरी तुटलेले असते, आतले तांबे उघडे पडते आणि आसपास आवरणाचे तुकडे किंवा लेंड्या सापडतात. आतून तापून जळालेल्या वायरीचे आवरण मात्र वितळून गोळा होते, काळपट पडते आणि शेजारच्या वायरींना चिकटते. दुसऱ्या प्रकारात दोष जोडणीचा किंवा सुट्या भागाचा असू शकतो. वायरिंग बदलण्याआधी मालकाने त्या जागेचे जवळून फोटो काढले तर हा फरक नंतरही दाखवता येतो. बदलल्यानंतर दाखवायला काहीच उरत नाही.

इंधनाचे कारणही असेच. इंजेक्टर किंवा फ्युएल पंप खराब झाला की ‘भेसळीचे डिझेल’ किंवा ‘पेट्रोलमध्ये पाणी’ असा शेरा पडतो. २०२५ पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. सोमेश्वर, माळेगाव अशा साखर कारखान्यांच्या परिसरात इथेनॉल हा तर घरचाच विषय. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीतले पाणी शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. त्यामुळे या कारणात तथ्य असू शकते. पण तथ्य असणे वेगळे आणि ते सिद्ध करणे वेगळे. इंधन वाईट होते असे म्हणणाऱ्याने टाकीतला नमुना कुठे तपासला आणि अहवाल काय आला ते सांगितले पाहिजे. अहवालाशिवायचा शेरा हा केवळ अंदाज आहे. मालकाच्या बाजूने पंपाच्या पावत्या कामी येतात. शिवाय पंपावर घनता तपासून मागण्याचा आणि फिल्टर पेपरची चाचणी करून घेण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे.

बाहेरच्या गॅरेजचे कारण सर्वांत जास्त पुढे केले जाते आणि कायद्याच्या दृष्टीने ते सर्वांत कच्चे आहे. लांबचे अधिकृत वर्कशॉप सोडून गावातल्या मिस्त्रीकडून ऑइल बदलले, नव्या दिव्यांसाठी वायर जोडली किंवा म्युझिक सिस्टिम बसवली की ‘सगळी वॉरंटी रद्द’ असे सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध एक मोठा निर्णय दिला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून रोखून धरल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाची रक्कम आणि इतर मुद्दे पुढे अपिलात गेले. पण त्या आदेशातले एक तत्त्व गाडीमालकाने पाठ करून ठेवावे असे आहे: बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येते. बाहेर बसवलेल्या हॉर्नमुळे फ्यूज जळला तर फ्यूजचा दावा नाकारणे समजण्यासारखे आहे, पण त्याच हॉर्नचे निमित्त करून गिअरबॉक्सचा दावा नाकारणे टिकणारे नाही. दोष आणि बाहेरचे काम यांचा कार्यकारणसंबंध दाखवा, ही मागणी लेखी करावी.

सर्व्हिस चुकली हे कारणही याच निकषावर तपासावे. ऑइल बदलण्यात हजारो किलोमीटरचा उशीर झाला आणि इंजिन जाम झाले, तर कंपनीची बाजू भक्कम आहे. सर्व्हिसला दोन आठवडे उशीर झाला आणि खिडकीची मोटर बिघडली, तर दोन्हींचा संबंध काय हे कंपनीलाच सांगता येणार नाही.

आता कागदांकडे. वॉरंटीचा वाद पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे जिंकला किंवा हरला जातो तो तिथल्या युक्तिवादापेक्षा वर्कशॉपच्या काउंटरवर बनलेल्या कागदावर, आणि त्यातही जॉब कार्डावर. मालक सांगतो: ‘सकाळी इंजिन थंड असताना पहिल्यावरून दुसरा गिअर अडकतो, कर्र असा आवाज येतो, वीस मिनिटे चालवल्यावर कमी होतो.’ कार्डावर उमटते: ‘गिअर चेक करणे.’ सहा महिन्यांनी हाच दोष वाढून गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली आणि तेव्हा वॉरंटी संपलेली असली, तर त्या तीन शब्दांतून काहीही सिद्ध होत नाही. पहिले वाक्य जसेच्या तसे लिहिलेले असेल, तर दोष वॉरंटीच्या काळातच सुरू झाला होता आणि कळवलाही होता, हे दिसते. म्हणून तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. ॲडव्हायझर लिहीत नसेल तर सहीच्या जागेशेजारी आपल्या हाताने लिहावी आणि कार्डाचा फोटो काढून ठेवावा. किलोमीटरचा आकडा, गाडी दिल्याची व घेतल्याची तारीख, स्कॅनरने दाखवलेले फॉल्ट कोड हेही त्यातच हवे. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ अशा छापील ओळीखाली दोष शिल्लक असताना सही करू नये. करावीच लागली तर वर ‘दोष कायम आहे’ असे लिहावे.

तोंडी नकारावर समाधान मानू नये. सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करून तीन गोष्टी मागाव्यात: नकाराचे तांत्रिक कारण, वॉरंटी पुस्तिकेतले ज्याच्या आधारे नकार दिला ते कलम, आणि क्लेमचा क्रमांक. उत्तर आले तर वाद नेमका कशावर आहे ते ठरते. नाही आले तर न येणेही नोंदले जाते. काढलेला भाग तपासणी होईपर्यंत नष्ट करू नये, असेही त्याच पत्रात कळवावे. गाडीशिवाय शेतीची किंवा नोकरीची कामे खोळंबत असतील आणि पैसे भरून दुरुस्ती करून घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ‘हक्क राखून, हरकतीसह रक्कम भरत आहे’ असे लेखी कळवून बिल भरावे आणि जुना भाग मागून घ्यावा. मुकाट्याने भरलेले बिल पुढे संमती म्हणून दाखवले जाते.

डीलरकडून काम होत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याने गाडी पाहावी, अशी मागणी करावी. हे अधिकारी डीलरच्या वर्कशॉपला वेळोवेळी भेट देतात. त्या दिवशी गाडी तिथे असणे फायद्याचे. याच टप्प्यावर कंपनी पुष्कळदा ‘गुडविल’ म्हणून अर्धा खर्च उचलायला तयार होते. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर हा तोडगा वाईट नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र अर्धा खर्च देणे म्हणजे मालकाचाच हक्क त्याला अर्ध्या भावात विकणे होय, आणि तो नाकारण्यात काही चूक नाही. चॅसी क्रमांक टाकून त्या मॉडेलचे काही रिकॉल निघाले आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकारही देऊ शकते. रिकॉलमधले काम विनामूल्य होते.

यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती निकाल देत नाही, पण तक्रार थेट कंपनीच्या वरच्या कक्षाकडे पोहोचवते आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. पुणे ही ग्राहक चळवळीची जुनी भूमी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची सुरुवात पुण्यातच केली. तिचे कार्यकर्ते अर्ज लिहिण्यापासून मदत करतात.

सगळे करूनही नकार कायम राहिला तर डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस पाठवावी. वकिलाचीच हवी असा नियम नाही. नोंदणीकृत टपालाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे पोहोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टने पाठवून पावत्या जपाव्यात. घटनाक्रम तारखांसह, मागणी आकड्यासह आणि उत्तरासाठी पंधरा दिवस, एवढे पुरे.

नोटीस आणि पुढची तक्रार दोघांविरुद्ध का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. २००४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या एका प्रकरणात न्यायालयाने सदोष गाडी नवी म्हणून विकणे लाजिरवाणे असल्याचे सुनावले आणि डीलरबरोबर उत्पादकालाही जबाबदार धरले. याच्या उलट बाजूचा निकाल गोव्यातून आला. तिथल्या एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ साली बनलेली, आधीच वापरलेली गाडी डीलरने दिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला या दायित्वातून मुक्त केले. डीलर आणि कंपनी यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल आणि डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाले नसेल, तर डीलरची चूक आपोआप कंपनीच्या माथी येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे चूक बनावटीची की विक्रीची की दुरुस्तीची, यावर जबाबदारी फिरते. मालकाला हे आधी कळणे अशक्य असते, म्हणून दोघांनाही पक्षकार करायचे आणि कोणाकडून काय चुकले ते वेगवेगळे लिहायचे.

मागणीही मोजून करावी. मारुती उद्योगच्या २००६ मधल्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचेच वचन असेल, तर त्या आधारावर सबंध गाडी बदलून मागता येत नाही. एका बिघडलेल्या भागासाठी नव्या गाडीची मागणी केली की चांगले प्रकरणही दुबळे होते. पण दुरुस्तीने न सुटणारा मूळचा दोष असेल तर परतावा मिळू शकतो. फियाटच्या २०१० मधल्या प्रकरणात इंजिन बदलूनही तक्रार राहिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करण्यास सांगितले आणि बनावटीचा दोष निघाल्यास व्याजासह पैसे परत करण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये ह्युंदाईच्या एअरबॅगच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. धडक किती जोराची होती याचे भौतिकशास्त्र ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे म्हणत गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

तरीही तांत्रिक दोष सिद्ध करण्याचा भार साधारणपणे तक्रारदारावर असतो आणि बहुतेक हरलेली प्रकरणे इथेच हरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. पुणे जिल्ह्याला इथे सोय आहे. वाहनांच्या चाचण्यांसाठी देशभर ओळखली जाणारी एआरएआय पुण्यात आहे, भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतले यंत्र विभागही तज्ज्ञ मत देऊ शकतात. तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज तक्रारीबरोबरच द्यावा. गाडी वर्षभर चालवून आणि चार ठिकाणी खोलून झाल्यावर मागितलेली तपासणी फारशी कामाची राहत नाही. तज्ज्ञाशिवायही एक पुरावा बोलतो: त्याच दोषासाठी चार-पाच वेळा बनलेली जॉब कार्डे.

तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करायची; लोक त्याला अजून ग्राहक मंच म्हणतात. बारामती आणि इंदापूरसाठी तो पुण्यात आहे, बारामतीहून सुमारे १०० आणि इंदापूरहून सुमारे १४० किलोमीटरवर. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला. त्यामुळे विक्रीच्या कागदावर ‘न्यायक्षेत्र चेन्नई’ असे छापलेले असले तरी घाबरण्याचे कारण नाही. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचे. फी नाममात्र आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी असा अर्जही देता येतो. इंदापूरच्या माणसाचे पुण्याचे हेलपाटे वाचवणारी ही तरतूद आहे आणि ती आवर्जून वापरावी. वकील लावणे सक्तीचे नाही. गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर ‘हा ग्राहकच नाही’ अशी हरकत येते. मात्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक कायद्याने ग्राहकच आहे.

मुदत दोन वर्षांची, वादाचे कारण घडल्यापासून. नकार लेखी असावा याचे आणखी एक कारण हेच, कारण तोंडी नकाराला तारीख नसते. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये.

तक्रार दाखल झाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग त्यात फार तर १५ दिवस वाढवू शकतो. त्यापलीकडे मुदत देता येत नाही, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले. कायद्यात निकालाची अपेक्षा तीन महिन्यांत आहे, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि वर्ष-दोन वर्षे सहज जातात. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतो. गाडी वर्कशॉपमध्येच अडकली असेल आणि वर पार्किंगचा आकार चढत असेल, तर अंतरिम आदेश मागता येतो.

निकालात आयोग दोष दूर करण्याचा, भाग किंवा गाडी बदलण्याचा, किंमत परत करण्याचा आणि मनस्ताप व खर्चाची भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. विरोधात निकाल गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील आहे. पैसे देण्याचा आदेश झालेल्या कंपनीला अपील करायचे तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत तर कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुलीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे दोन्ही अर्ज त्याच जिल्हा आयोगापुढे करायचे असतात.